प्लास्टिकचे झेंडू

आमच्या घरात तोंड उघडं असलेली एकही पोकळ नळी नव्हती. फाटकाचे पाइप, लोखंडी खाटेचे पाय, टीव्हीच्या अँटेनाचा दांडा, इतकंच काय, मूठ निघून गेलेलं माझ्या सायकलचं हँडलसुद्धा बाबांनी ओल्या सिमेंटने बुजवून टाकलं होतं. गांधीलमाशीला घर करायला अशी नळी फार आवडते. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. शेजारचे त्यांना गांधीलमाश्यांचा वॉचमन म्हणत. बाबांना त्याचं काही वाटत नसे, मलाच ते झोंबायचं.

याला कारण होती आई. मी शाळेत होते तेव्हा फाटकावरच्या मधुमालतीची फुलं तोडताना वेलात दडलेल्या पोळ्याला तिचा हात लागला. एकच माशी मनगटाला चावली. पण बघता बघता आईचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि तिला श्वास घेता येईना. शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला नाशिकरोडला दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. पुढच्या वेळी एवढा वेळ हाताशी असेलच असं नाही, असं डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. घरी आल्यावर बाबांनी कपडेही न बदलता कोयता घेतला आणि मधुमालती मुळापासून तोडली. वेलाने काय घोडं मारलं होतं? पण त्या दिवशी त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

तेव्हापासून बाबा रोज कामावर जाण्याआधी घराभोवती एक फेरी मारत. छज्ज्याखाली, खिडकीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली बघत. कुठे पोळं धरायला लागलेलं दिसलं, की तिन्हीसांजेला बांबूच्या टोकाला रॉकेलचा बोळा बांधून ते पेटवून देत. माश्या पाण्याला येतात म्हणून आमच्याकडे कूलर नव्हता. एप्रिलच्या दुपारी आम्ही पंख्याखाली उकडत पडायचो आणि मी मनातल्या मनात चडफडायचे.

आणि फुलं नव्हती. कुंडीत नाही, देवापुढे नाही, आईच्या केसांतही नाही. देवाला तुळस चाले. हे सगळं अशा बाईच्या घरात, जिचं माहेर मखमलाबादकडचं, पिढ्यान्‌पिढ्या फुलांची शेती करणारं. दर दसऱ्याला मामा पाटी भरून झेंडू घेऊन यायचा. बाबा त्याला पाणी देत, चहा देत, आणि पाटी फाटकाबाहेरूनच शेजारी पोचवत. आमच्या दाराला रविवार कारंजावरून आणलेलं प्लास्टिकच्या झेंडूंचं तोरण असे. सण झाला की आई ते साबणाने धुऊन, वाळवून, कपाटात ठेवी.

एका दसऱ्याला ते तोरण बांधता बांधता ती थांबली.

"माझ्या बापाने टेम्पो भरभरून फुलं विकली," ती म्हणाली, "आणि मी दाराला हे बांधते."

बाबा खाली स्टूल धरून उभे होते.

"मला तू हवी आहेस," ते म्हणाले. "फुलांचं काय घेऊन बसलीस?"

आईने तोरण बांधलं. त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही. तिला बाबांचा राग यायचा का, हे मी तिला विचारायला हवं होतं असं आता फार वाटतं. मला मात्र यायचा, आणि त्याच वेळी त्यांच्या फेरीशिवाय मला झोपही लागली नसती.

आई गेली ती किडनीच्या दुखण्याने. बाबा तोवर निवृत्त झाले होते, पण घर बदललं तरी फेरी सुटली नव्हती. आईला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मामा शेतातून आला तो पाट्या घेऊनच. झेंडू, शेवंती, गुलाब, सगळं त्या पहाटे तोडलेलं, अजून ओलं. या खेपेला कुणीही त्याला फाटकाशी थांबवलं नाही. त्याने बहिणीला गळ्यापासून पायापर्यंत फुलांनी झाकून टाकलं. इतकी फुलं तिच्या अंगावर मी कधीच पाहिली नव्हती.

फुलांच्या मागोमाग एक गांधीलमाशी आत आली आणि आईच्या गालाजवळच्या झेंडूवर बसली.

बाबा उठले. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन ते आईच्या उशाशी आले आणि माशीला हाकलू लागले. ती उडाली की परत यायची, बाबा परत टॉवेल हलवायचे.

मामाने त्यांचा दंड धरला. "दाजी, ऱ्हाऊ द्या आता. आता तिला काय होणार हाय?"

"तिला चालत नाही रे," बाबा म्हणाले.

आईला उचललं तेव्हा बाबा तिच्या डोक्याच्या बाजूने टॉवेल हलवत गाडीपर्यंत चालत गेले. फुलं थोडी कमी करायची का, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी एकही फूल काढू दिलं नाही.