गोठवलेली माती

गुन्वोर स्टोरहाउगने एकतीस वर्षं चिखल गोठवला आणि वितळवला. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या खासगी प्रयोगशाळेत तिचं काम तेवढंच. डोंगरातला खडक भेगेवर सरकला की घासून घासून तिथे चिकणमाती तयार होते. त्या मातीचं वय काढलं की खडक कधी सरकला ते कळतं. पण माती यंत्रात दळायची नाही. दळली की शेजारच्या जुन्या खडकाचा भुगा तिच्यात मिसळतो आणि वय फुगतं. म्हणून ओली माती बाटलीत भरून गोठवायची, वितळवायची, पुन्हा गोठवायची. शंभर वेळा. तेव्हा कुठे ती सुटी होते. आम्ही गुन्वोरला ‘आइस्क्रीमवाली’ म्हणायचो. ती हसायची आणि पुढची बाटली काढायची.

एका कंपनीला डोंगरात विषारी कचरा पुरायचा होता. भेग जितकी जुनी, म्हणजे खडक जितका आधी सरकून थांबलेला, तितकी जागा निर्धोक. आमचा साहेब टोरब्यॉर्न, कॉफीचा कप घेऊन हिंडणारा गोडबोल्या माणूस, मला म्हणाला, “महिनाभर कोण थांबणार? दळून टाक.” मी दळली. वय अडतीस कोटी वर्षं आलं. साहेब खूश.

अहवालावर सही गुन्वोरची लागायची. तिने आकडे पाहिले.

“बारीक कणांचं वय भरड कणांइतकंच? बारीक माती खडक सरकताना तयार झालेली, ती तरुण निघायला हवी. कुणी दळली ही?”

“काहीतरीच काय,” साहेब म्हणाला. “विचार त्याला.”

ती माझ्याकडे वळली. “गोठवलीस?”

“हो. शंभर वेळा.”

“दहा दिवसांत?”

मी टेबलावरच्या बाटल्या एका रांगेत लावू लागलो.

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“मग हा करेल,” साहेब म्हणाला. आणि मी केली, चांगली वळणदार. आठवलं की माझीच मला शिसारी येते.

गुन्वोरने उरलेली, न दळलेली माती घेतली, पाच आठवडे गोठवली-वितळवली आणि दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडून वय काढून आणलं. सहा कोटी. काल तिने त्या निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला.

“साहेबाला दाखव ना,” मी म्हणालो.

“त्याला काय दाखवायचं? सही तुझी आहे. कंपनीला तूच कळव.”

त्याच दुपारी टोरब्यॉर्न आला. गुन्वोरला घरी बसवतोय म्हणाला, सोमवारपासून तिची जागा माझी. मी कागद खणात सरकवला आणि त्याचे आभार मानले.