गुणी लेकरू

माले गावात कुणी 'गुणी' म्हणालं की फुलाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

फुलाबाई गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिच्या हातानं कापलेली. पण घरात तिचा शब्द कुणाला ऐकू जायचा नाही, कारण तिचा नातू भिकू. भिकू म्हणजे सदा वाजणारा ताशा. भांडं पडलं, रड. कोंबडा आरवला, रड. ओढ्यापल्याड कुत्रं भुंकलं तरी ह्याचा भोंगा इकडं सुरू.

मधल्या भिंतीपलीकडं तिची धाकटी जाऊ गंगूबाई राहायची. तिची नात छबू भिकूच्या आगेमागेच जन्मलेली, आणि तीही फुलाबाईच्याच हातावर. पण छबूला घोंगडीवर निजवावं, ती निजवल्या जागी. देवळात नगारा बडवला तरी तिची पापणी हलत नसे.

"लई गुणी लेकरू," बाया म्हणायच्या.

"लेकरू आईच्या वळणावर जातंय, अन् आई सासूच्या," गंगूबाई पदर सावरत ऐकवायची. "काई काई घरांत आरडाओरडाच मुरलेला. तितं लेकरू तरी काय करंल, आक्का?"

मग फुलाबाई घरात येऊन भिकूवर खेकसायची, "मेल्या, त्या पोरीकडं बगून तरी शीक!" एकदा तर तिनं छबूच्या पाळण्याखालची चिमूटभर माती गुपचूप उचलली आणि भिकूवरनं ओवाळून टाकली. त्या दिवशी भिकू दुप्पट रडला.

ऐंशी सालाच्या आसपास पौडच्या सरकारी दवाखान्यात गावोगावच्या सुइणींना शिकवायला बोलावलं. शिकवणाऱ्या नर्स रत्नाबाई. नाळ कापायचं पातं उकळायचं, हात साबणानं धुवायचे, हे सगळं फुलाबाईनं डुलक्या घेत ऐकलं. मग रत्नाबाई म्हणाल्या, "बाळंतीण सुटली म्हणजे तुमचं काम सुटलं नाही. पुढं बाळ मान धरतंय का, नजर फिरवतंय का, आवाजाकडं वळतंय का, येताजाता बघायचं. काही उणं असलं तर लहानपणीच इलाज लागू पडतो. वाट बघत बसलं की ते दिवस हातचे जातात."

लस टोचायला आलेलं एक बाळ त्यांनी आईच्या मांडीवर बसवलं. स्वतः मागं गेल्या आणि बाळाला दिसणार नाही असा वाटीत चमचा फिरवला. बाळानं गर्रकन मान वळवली.

"आणि कुठलं बाळ लईच गुणी असलं, कशानं दचकत नसलं, तर त्याचं कौतुक करत बसू नका. ते आधी इथं आणा."

फुलाबाईची डुलकी खाडकन उडाली.

पहिल्यांदा तिच्या पोटात गूळ विरघळला. गुणी! आता कळू दे गंगीला, गुणी कशाला म्हणत्यात ते! एसटीत बसेपर्यंत तो गोडवा टिकला. माल्याच्या उताराला मात्र तिला आपले तळहात दिसले. छबूचं डोकं ह्याच हातांनी झेललं होतं. आणि तोंड उघडावं तर ऐकणार कोण? ही जळते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तरी ती वाटी-चमचा घेऊन भिंतीपलीकडं गेलीच. "छबूला ऐकू येतंय का, जरा बगू दे," म्हणाली.

"जळून जळून कोळसा झालीस गं आक्का!" गंगूबाई कडाडली. "आता पोरीच्या कानावर उठलीस?"

छबूच्या आईनं भुईवर दाणकन पाय आपटला. छबूनं वळून पाहिलं.

"बग! ऐकतीया की!"

"भुई हादरली ती तिच्या बुडाला कळली. कडंवर घे तिला."

छबू कडेवर गेली. फुलाबाईनं मागून चमचा वाजवला. भिंतीपलीकडं भिकूनं सूर धरला. छबू आईच्या गळ्यातले मणी ओढत राहिली. दुसऱ्या कानामागं वाजवला. मणीच. गंगूबाईनं वाटी हिसकावली आणि ठणाठणा बडवली. "छबे! ए छबे! माजी बाय ना तू!" मग तिचा हातच थांबला.

"व्हय, जळतीया मी," फुलाबाई म्हणाली. "म्हणून तर रोज तिच्याकडं डोळं लावून बसती. तुज्यापरीस जास्ती बगितलंय मी तिला. भांडाण मागनं कर. उद्या पौडाला चल."

पौडाहून पुण्याला मोठ्या दवाखान्यात धाडलं. थोडं ऐकू येतंय, तेवढं वाया घालवू नका, असं डॉक्टरनं सांगितलं. गळ्यात डबी, डबीतून कानात वायर असं यंत्र लागलं. घरच्यांना तोंडासमोर बसून बोलायला शिकवलं. पुढं छबू बोलू लागली. बोबडं, तुटक, पण बोलू लागली.

दोनेक वर्षांनी रत्नाबाईंनी नव्या सुइणींपुढं बोलायला गंगूबाईला बोलावलं. गंगूबाई खुर्चीवर, छबू तिच्या पायाशी. फुलाबाई मागं सतरंजीवर.

"नात लईच गप दिसली," गंगूबाई सांगत होती, "मला तवाच शंका आली."

फुलाबाईच्या अंगाची लाही झाली. बोट कुणी दाखवलं, अन् खुर्ची कुणाला!

"तवा?" ती मागून ओरडली. "तवा तू मला कोळसा म्हणालीस गं भवाने!"

सुइणी खदखदून हसल्या. पण फुलाबाईचं तिकडं ध्यान नव्हतं. तिच्याकडं पाठ करून बसलेल्या छबूनं गर्रकन मान वळवली होती, आणि कोण ओरडलं ते ती गर्दीत शोधत होती.

फुलाबाई पुढचं भांडण विसरली. छबूनं पुन्हा गंगूबाईकडं तोंड फिरवेपर्यंत ती दम धरून बसली, आणि मग मुद्दाम आणखी एकदा ओरडली.