टाचणीची तीन भोकं

भूकंपानंतरच्या वर्षी मी लातूरच्या एमआयडीसीत, क्रोम-प्लेटिंगच्या कारखान्यात केमिस्ट होतो. मुदखेडहून आलेला, कमी बोलणारा. खेड्यांत पत्र्याच्या शाळा उभ्या राहत होत्या, शहरात क्लासेस निघत होते आणि सगळ्यांनाच पाइपच्या चकचकीत खुर्च्या हव्या होत्या. लोखंड उतरून उतरून टाकीतलं क्रोमचं पाणी नासायचं. नासलं की मागच्या ओढ्यात.

ते फेकावं लागू नये म्हणून मी पाच महिने खपलो. एक पेटी केली. तिच्या एका बाजूला पातळ पडदा, आत सौम्य आम्ल. पेटी टाकीत बुडवून वीज सोडली की लोखंड पडद्यातून पेटीत यायचं, क्रोम बाहेर राहायचं आणि बिघडलेलं क्रोम टाकीतल्या टाकीत परत कामाचं व्हायचं.

मालकांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते बघायला आले तेव्हा सुपरवायझरनं पेटीवर हात ठेवला. "अप्पा, डोकं माझं हाय. ह्यानं हाताखाली मदत केली."

अप्पांनी त्याची पाठ थोपटली. मी मान डोलावली. हो, डोलावली.

पेटी तपासायचं काम माझ्याकडेच होतं. आतलं पाणी पिवळं दिसलं की पडद्याला भोक पडलं असं समजायचं. आठवडाभरानं मी टाचणीनं तीन भोकं पाडली. मग रोज सकाळी पिवळं पाणी ओतून टाकून नवं भरायचो आणि वहीत लिहायचो, ठीक. सुपरवायझर न बघता सही करायचा.

फुटक्या पडद्यानं लोखंड ओढलं जाईना; खुर्च्या करड्या निघायला लागल्या, गाडीनं परत यायला लागल्या. अप्पा सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "लई डोकं चालवलंत. आता घरी बसून चालवा." त्या दिवशी मला डबा गोड लागला.

नासलेली टाकी ओढ्यात सोडली. ती तिथंच जाणार हे भोकं पाडताना मला माहीत होतं. भूकंपात घर गेलेली काही कुटुंबं ओढ्याकाठी राहत होती, वाळूत झिरे उकरून पाणी भरायची. एक बाई घागर घेऊन फाटकाशी आली.

"दादा, पाणी हळदीवानी कामून झालंय?"

"न्हाई माहीत, मावशी."

तिनं घागर तिथंच उपडी केली.

सुपरवायझर पुढं क्लासेसमधला नावाजलेला केमिस्ट्रीचा सर झाला. माझी मुलगी त्याच्याच वर्गात. तिच्या प्रवेशाला नांदेडहून, आता मी तिथं असतो, लातूरला गेलो, तर त्यानं मला केबिनमध्ये बसवून घेतलं.

"सुई होती का टाचणी?"

"टाचणी."

"मला तवाच कळलं होतं. पण तुझं नाव घेतलं असतं तर पेटी तुझी होती हेबी सांगावं लागलं असतं." तो हसला. "बरंच झालं म्हण. चहा घे."

चहा घेतला. त्याला बुडवायला गेलो आणि त्याचंच भलं करून बसलो, हे आजही सलतं. परत वेळ आली तर त्याला परत घरी बसवीन.

मुलीचं होस्टेल त्याच ओढ्याकाठी आहे. बोअरचं पाणी पितात सगळ्या पोरी. तिला मी फोनवर रोज विचारतो, पाण्याचा जार विकतचाच आणलास ना? ती वैतागते. म्हणते, बाबा, बाकीच्या पितातच की.

कारण तिला सांगितलेलं नाही. इथं लिहिलंय, ते तिला वाचायला देणार आहे.