माहेरताईंचं एकुलतं रोप

नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी ताई त्याचं माहेर विचारायच्या. पुरुषांनासुद्धा. ब्राउनश्वाइगहून आलेला एक इंजिनियर या प्रश्नाने असा गोंधळला की त्याने बायकोच्या गावाचं नाव सांगून टाकलं. हायडेलबर्गमधली आम्ही मराठी मुलं त्यांना माहेरताईच म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

ताई मूळच्या कोल्हापूरच्या. आमच्या प्रयोगशाळेत त्या रानटी पेलार्गोनियमची गुणसूत्रं मोजायच्या आणि मी पीएचडी करता करता त्यांच्या हाताखाली शिकत होते. जर्मनीत खिडकीखिडकीत लाल फुलांच्या कुंड्या टांगलेल्या असतात ना, त्यांची ही रानातली भावंडं. ताईंच्या स्वयंपाकघरात जगाचा मोठा नकाशा होता आणि प्रत्येक जातीच्या माहेरी एकेक टाचणी. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला टाचण्यांची झुंबड. मग पूर्व आफ्रिकेत थोड्या, मादागास्करला, ऑस्ट्रेलियात तुरळक, आणि पार वर तुर्कस्तानात दोनच. त्या दोन टाचण्यांवर ताईंचा फार जीव. "एवढ्या लांब दिलेल्या मुली," असं म्हणत त्या चहा गाळायच्या.

गुणसूत्रं मोजायची तर मुळाचं कोवळं टोक कापायचं, रंगवायचं, काचेवर ठेवायचं, वर पातळ काच आणि टिपकागद, आणि मग अंगठ्याने दाबायचं. हे दाबणं ताईंनी मला महिनाभर शिकवलं. अंगठा सरळ खाली गेला तर गुणसूत्रं सुटी सुटी पसरतात, जरा घसरला की सगळा चिखल. माझा चिखल बघून त्या रागावत नसत, "पापड छान झालाय" एवढंच म्हणायच्या. दक्षिणेकडच्या पुष्कळ जातींत अकराचा पाढा चालतो, बावीस किंवा चव्वेचाळीस. तुर्की बहिणींचं गणित वेगळं, पेशीत चौतीस.

त्या वर्षी तुर्कस्तानातल्या टॉरस डोंगराच्या एका नव्या बाजूच्या बिया आमच्याकडे आल्या आणि त्यांतली एकच रुजली. तिकडच्या झाडांत चौतीसच असतात की दुप्पट, हे कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि ताईंना ते काहीही करून जाणून घ्यायचं होतं. पण मार्चअखेर त्यांचं कंत्राट संपत होतं आणि त्या कायमच्या पुण्याला, नवऱ्याकडे परतणार होत्या. रोपाला मुळं जेमतेम. प्रोफेसरसाहेब दर सोमवारी येऊन "आल्झो?", म्हणजे "मग?", एवढंच विचारायचे. ताईंचं उत्तर ठरलेलं, अजून नाही.

उलट, डिसेंबरात बाकीच्या कुंड्या काचघरात उबेला असताना ताईंनी ही कुंडी खिडकीबाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवली. बाहेर बर्फ. मला राहवेना, मी विचारलंच. त्या स्वतः दोन स्वेटर आणि कानटोपी घालून आत बसलेल्या, तशाच म्हणाल्या, "मला नाही सोसत, पण तिचं माहेरच थंडीचं आहे. आत घेतली तर कुजेल." मग म्हणाल्या, "आणि मुळं आत्ता कापली तर मला आकडा मिळेल, पण ती जाईल. एकुलती आहे गं. अंगाने भरू दे."

मार्च संपला. रोपाला दोन नवी पानं फुटली होती, मुळं मात्र दिसत नव्हती. स्टेशनवर ताईंनी मला मिठी मारली, माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं आणि नखं वाढवू नकोस म्हणाल्या. गाडी गेल्यावर मी बाकावर बसून रडले. इतक्या वर्षांच्या कामातली एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती मागे टाकून त्या गेल्या होत्या, तरी चेहरा समाधानी होता. मला तो तेव्हा कळला नाही.

मे महिन्यात कुंडीच्या तळाच्या भोकातून एक पांढरं मूळ डोकावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं टोक घेतलं, रंगवलं आणि श्वास रोखून अंगठा सरळ खाली दाबला. एका पेशीत सगळी सुटी सुटी दिसली. तीनदा मोजली आणि पुण्याला फोन लावला.

माझा आवाज ऐकताच ताईंनी विचारलं, "रोप कसं आहे?" कळी धरल्येय, असं मी सांगितलं. मग किती मुळं कापलीस? एकच, तेही बाहेर आलेलं. कुंडी अजून कठड्यावरच आहे ना? कठड्यावरच. "मग झालं," असं म्हणून खुशीत त्यांनी फोन ठेवूनही दिला. मी रिसीव्हर हातात धरून हसत बसले.

तो जागेवर ठेवते न ठेवते तोच फोन वाजला.

"अगं," ताई म्हणाल्या, "पण किती?"