भिंतीच्या आतलं माप

विभागात तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणायचे, आणि तेही अगदी तोंडावर. सोनोग्राफीच्या पडद्यावर कुणाचं माप एका मिलिमीटरने जरी चुकलं, तरी बाई त्याची अशी बिनपाण्याने हजामत करायची, की पुढचे आठ दिवस तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. अशी ही काटेकोर बाई! फक्त एका पोटापुढे तिचा जीव थोडा थोडा व्हायचा. ते पोट तिच्या थोरल्या भावाचं.

दादा मोटार मेकॅनिक. त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, एका जागी फुगली होती. फुगवटा साडेपाच सेंटीमीटरच्या पुढे गेला की ऑपरेशन, असं सर्जननी बजावलं होतं. दर सहा महिन्यांनी दादा यायचा आणि मोजायला बहिणीशिवाय दुसरं कुणी चालायचं नाही. "परक्यासमोर कोण झोपणार? माझं पोट म्हणजे काय प्रदर्शन आहे?"

हिला मात्र ऑपरेशन हा शब्दच नको असायचा. वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते. मागच्या दोन्ही वेळा दादाचं माप पाच पॉइंट दोन निघालं, तेव्हा सुटले बाई म्हणत ती घरी गेली होती.

आज दादा कमरेवर हात ठेवूनच आत आला. "काल गिअरबॉक्स उचलला, पाठ धरलीय. उरक लवकर."

नव्या मशीनवर प्रत्येक ठोक्याला वाहिनीची भिंत किती ताणते तेही दिसायचं. ठोका पडत होता आणि भिंत ढिम्म हलत नव्हती. तिने दादाची जुनी चित्रं उघडली आणि बघतच राहिली. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, हे तीच सगळ्यांना घोकून घ्यायला लावायची. दादाच्या चित्रात मापाचे ठिपके आतल्या कडेला होते. दोन्ही वेळा! भीतीने हात आपसूक आत सरकला होता.

तिने तिथे ठिपके बाहेर नेले, तर पाच पॉइंट सहा. मग आजचं माप बाहेरून घेतलं. पाच पॉइंट आठ.

"काय गं, तेवढंच ना?"

"दादा, रेडिएटरचा पाइप फुगला की तू काय करतोस?"

"दाबून बघतो. मऊ असला तर चालवून घेतो. कडक झाला असेल तर गाडी जागची हलवू देत नाही." बोलता बोलता तो थांबला. "कडक झालाय?"

"हो. आणि तुझी पाठ गिअरबॉक्सने नाही, या फुगवट्याने धरलीय. अजिबात उठू नकोस." तिने सर्जनना फोन लावला, आकडा सांगितला, चाकांची खाट मागवली.

"सहा महिन्यांत एवढा वाढला?"

"नाही रे. मागेच साडेपाचच्या पुढे गेला होता. मी कमी मोजला."

"माझ्यासाठी?"

"माझ्यासाठी, दादा." तिला रडू कोसळलं.

खाट आली तेव्हा दादा म्हणाला, "बाबांना आत नेलं तेव्हा तू पळून गेली होतीस. आज दारापर्यंत तरी ये."

तिने डोळे पुसले आणि खाट स्वतःच ढकलायला घेतली.