उभ्या पावलांचं माप

आपल्याच पावलाचा आकार आपल्याला काढता येत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर, मिशिगनमध्ये कळलं. माझी नोकरी मोटारींचे आराखडे काढायची. केसाएवढी चूक मला दिसायची आणि ती दुसऱ्याची असली तर मी ती चारचौघांत दाखवायचोही. पण जमिनीवर ब्राऊन पेपर अंथरून, त्यावर उभं राहून, पेन्सिल घेऊन वाकलं की वजन चवड्यावर जातं, बोटं पसरतात, टाच हलकी होते आणि कागदावर भलत्याच कुणाचं तरी पाऊल उमटतं. माप हवं असतं सरळ उभ्या माणसाचं. म्हणजे पेन्सिल दुसऱ्या कुणीतरी धरायला हवी. आणि माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या घरात मी एकटा राहत होतो. घटस्फोटानंतर बायको टेक्सासला, अर्विंगला नोकरी धरून गेली होती. मूलबाळ नव्हतं. घर विकायला काढलं होतं, दारात पाटी लावली होती, पण गिऱ्हाईक यायचं, किचन बघायचं आणि जायचं.

बुटांचं वेड त्याच्या आधीचं. ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्कर हंगेरियन गृहस्थ बसायचे. तरुणपणी त्यांच्या शहरात रशियन रणगाडे शिरले तेव्हा सरहद्द ओलांडून निघालेले. त्यांच्या पायात तपकिरी, जाडजूड बूट असायचे. पुढचा भाग उंच आणि गोलसर, आत बोटांना ऐसपैस जागा, वरच्या चामड्यावर बारीक भोकांची नक्षी, तळ दुहेरी आणि त्याच्या कडेनं हातानं घातलेली शिवण. एक दिवस मी काम सोडून त्या शिवणीकडेच बघत बसलो, तेव्हा त्यांनी बूट काढून सरळ माझ्या टेबलावर ठेवला. आईनं पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी तो दोन्ही हातांनी उचलला. चांगलाच जड होता. पायात घातला की जाणवत नाही, ते म्हणाले, कारण तो या एकाच पायासाठी केलेला आहे.

मग मी त्यांच्या सांगण्यावरून डेट्रॉइटच्या जुन्या हंगेरियन वस्तीत शनिवारी जायला लागलो. तिथली म्हातारी माणसं एकेक करून जात होती, मुलं सबर्बमधून येऊन गराज सेल लावून त्यांचं सामान विकत होती. टोस्टर, पडदे, येशूच्या तसबिरी, आणि त्यात कुठेतरी कोपऱ्यात असा एखादा जोड. मी घरी आणून साबणानं पुसायचो, मेण लावायचो, आत लाकडी साचे घालायचो. माझ्या पायाला त्यातला एकही होत नव्हता. पण चामड्यावर पडलेल्या सुरकुत्यांवरून माणूस कसा चालत असेल हे कळायचं. कुणी आतल्या बाजूला झुकणारा, कुणी टाच घासणारा. हे बघत मी तासन्‌तास बेसमेंटमध्ये रमायचो. बायको वरून हाक मारायची, "मेलेल्या माणसांशी गप्पा झाल्या असतील तर जेवायला ये." तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

आपल्या लोकांत या बुटांचं कौतुक होणं शक्यच नव्हतं. आपण दारात चपला-बूट काढणारी माणसं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला किंवा कुणाच्या घरी पॉटलकच्या जेवणाला गेलं की सगळी पादत्राणं गराजमध्ये, बर्फाच्या बुटांच्या ढिगात. वर दिवाणखान्यात सगळे मोज्यांवर. घटस्फोटानंतर तीही बोलावणी आटली. कुणी वाईट वागलं नाही. जोडप्यांच्या पंगतीत एकट्याला कुठे बसवायचं, हा त्यांना प्रश्न पडत असावा. मला राग यायचा, आणि राग ओसरला की फार एकटं वाटायचं.

हंगेरियन गृहस्थ रिटायर होऊन फ्लोरिडाला गेले. जाताना त्यांनी मला बुडापेस्टमधल्या त्यांच्या कारागिराचा पत्ता दिला. म्हणाले, दुसऱ्यांचे बूट पुरे झाले, आता स्वतःचे करून घे. पत्रानं ऑर्डर देता येत होती. दोन्ही पावलांची आकृती पाठवायची, घेर लिहायचे, बस. आयुष्यात एक तरी गोष्ट फक्त माझ्यासाठी केलेली असावी, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं. माझी मुंजही दोन चुलतभावांबरोबर उरकली होती.

पण पेन्सिल कोण धरणार? मॉलमधल्या बुटांच्या दुकानातल्या माणसानं माझा पाय लोखंडी मापात घातला, एक नंबर सांगितला आणि आकृती काढायला साफ नकार दिला. मंडळातले काका-काकू वयानं मोठे. त्यांना माझ्या पायाशी बसा म्हणायचं? विचारानंच कानकोंडं व्हायला होत होतं. मित्रांच्या बायकांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. एका समवयस्क मित्राला फोन केला. तो खो खो हसला. "अरे यार, मला आता तुझे बूट पुजायला बसवतोस का? मॉलमध्ये सेल लागलाय. दोन जोड घे आणि मोकळा हो." मीही हसलो. फोन ठेवल्यावर हसू कुठल्या कुठे गेलं. आईनं आकृती काढून दिली असती, पण ती पुण्यात, गुडघ्यांनी बेजार.

शेवटी मीच वाकलो. आकृती काढून पाठवली. कित्येक महिन्यांनी खोकं आलं. उघडलं तर आतून चामड्याचा असा वास आला की मी खुर्ची ओढून बसलोच. गडद लाल रंग, शिवण एकसारखी, नक्षी जिथल्या तिथे. आणि पायात घातल्यावर टाच मागे निसटत होती, चवडा सैल पडत होता. कारागिरांची काहीच चूक नव्हती. कागदावर जो माणूस होता त्याचे बूट त्यांनी केले होते. तो वाकलेला होता, त्याला ते काय करणार?

घराला गिऱ्हाईक मिळालं तेव्हा उरलेलं सामान न्यायला बायको आली. बायको म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता येत नव्हतं. सकाळच्या विमानानं आली, संध्याकाळच्या विमानानं जाणार होती. कुकर, आजीचा तांब्या, पुस्तकं आणि शिवणाचा डबा असं तिनं खोक्यात भरलं. आम्ही दोघंही फार नीट वागत होतो. वकिलांसमोर वर्षभर इंग्रजीत बोलल्यामुळे मराठी अवघडून गेली होती. दिवाणखान्यात जमिनीवर मी पुन्हा नवीन कागद अंथरून ठेवलेला होता. दोनदा प्रयत्न करून खोडलेला.

"हे काय?"

मी सांगितलं. पहिल्या जोडाचंही सांगितलं.

"कुणाला तरी सांगायचं ना."

"कुणाला?"

शिवणाचा डबा पुन्हा उघडून तिनं त्यातली टेप काढली, केस मागे बांधले आणि म्हणाली, "पातळ मोजे घाल आणि उभा राहा."

लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आई आमच्याकडे होती. ओवाळून झाल्यावर नवऱ्याच्या पाया पड, असं तिनं हिला सांगितलं. ही म्हणाली, "मी कुणाच्याच पाया पडत नाही, आई. तुमच्या पडते, कारण तुम्ही मोठ्या आहात." मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. आई मात्र दोन दिवस धुसफुसत होती. आता तीच बाई माझ्या पायाशी गुडघे टेकून बसली होती. तोंडात पेन्सिल, हातात टेप.

"वजन दोन्ही पायांवर घे. तू डाव्यावर टेकतोस."

"टेकतो?"

"कायम. फोटोत बघ कुठल्याही. आणि खाली नको बघू. समोर बघ."

मी समोर बघितलं. समोर रिकामं बुकशेल्फ होतं. पेन्सिल टाचेपासून निघाली, पावलाच्या बाहेरच्या कडेनं हळूहळू पुढे गेली, बोटांना वळसा घालून आतल्या खोलगट भागात आली. तिथं गुदगुल्या झाल्या आणि माझा पाय हलला. तिनं डाव्या हातानं घोटा धरला. "हलू नकोस म्हटलं ना." वर्ष-दीड वर्षात मला कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरनंसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. खाली बघायचं नाही ही सूचना बरी पडली, कारण त्यामुळे तिलाही वर बघायचं कारण नव्हतं.

दुसरं पाऊल झालं. चवड्याचा घेर, वरच्या उंचवट्याचा घेर, टाचेचा घेर, सगळं तिनं आकृतीशेजारी तिच्या गोल अक्षरात लिहिलं. उठताना मी हात पुढे केला. तिनं टेबलाचा कोपरा धरला.

"बघ आता तरी होतात का," म्हणाली, आणि टेप डब्यात ठेवून डबा बंद केला. मी तिला एअरपोर्टला सोडलं. वाटेत आम्ही टेक्सासच्या उन्हाळ्याबद्दल बोललो.

घर गेलं, मी अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. वसंतात खोकं आलं. या वेळी काळे बूट मागवले होते. पाय आत गेला आणि आतली हवा फुस्सकन बाहेर पडली. टाच धरलेली, बोटं मोकळी. हंगेरियन गृहस्थ म्हणाले होते ते खरं होतं, पायात काही आहे असं वाटत नव्हतं. कार्पेटवरून खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. दाखवायला कुणी नव्हतं म्हणून पुन्हा खिडकीपर्यंत गेलो.

खोक्यात कारागिराचं कार्ड होतं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. आकृती उत्तम होती, माझ्या पावलांचे लाकडी साचे करून ठेवले आहेत आणि ते कायम राहतील. यापुढे फक्त रंग कळवा, माप पुन्हा काढून घ्यायची गरज नाही.

ते वाचून मी तसाच बसून राहिलो. मग कार्ड हातात घेऊनच अर्विंगला फोन लावला.

"झाले," म्हटलं. "अगदी बरोबर झाले."

"अरे वा! छान." मागे टीव्ही चालू होता. "मग आता काय, रांगच लागेल. तपकिरी घेशील."

"घ्यायचा विचार आहे."

"मग परत माप पाठवावं लागणार?"

"हो," मी म्हटलं. "लागेल. दर वेळी नवीन लागतं."

टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"देईल की काढून कुणीतरी," ती म्हणाली.