डोक्यात जाणारा मुलगा

वाकडच्या एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर, मला लोकांचं प्रेम टाइप करायची नोकरी लागली होती. डेटिंगचा रिअॅलिटी शो होता. चाकणच्या पुढे एका फार्महाउसवर सहा मुली आणि सहा मुलगे राहायचे आणि दिवसभर कॅमेरे चालू असायचे. ते फुटेज आमच्याकडे आलं की मी हेडफोन लावून कोण काय बोललं ते वेळेसकट इंग्रजीत लिहायचे. आमचा एडिटर लखनौचा, त्याला मराठी येत नव्हती. तो माझा लॉग वाचून वाक्यं उचलायचा. उद्या झोपाळ्यावर कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हेसुद्धा त्यावरूनच ठरायचं.

माझी शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि मी दोन्हीकडे गप्प. कोणाशी न बोलता सगळ्यांचं ऐकायला मिळणं, तेही पगार घेऊन, ही मला चैन वाटायची.

शोमध्ये संवाद लिहून देत असतील असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. हवं ते उत्तर येईपर्यंत तोच प्रश्न विचारायचे आणि नंतर प्रश्न कापून टाकायचे. मंगळवारची जांभई गुरुवारी उसासा म्हणून लागायची.

त्या सहा मुलींत चिखलीची एक होती, वडिलांचं वर्कशॉप सांभाळणारी. तिच्यासाठी दोन मुलगे चर्चेत होते. एक जिमवाला, चहा मागायलाही शर्ट काढून येणारा. दुसरा निगडीचा, चाकणच्या कुठल्याशा कंपनीत माल तपासायच्या कामावर. हा जेवायच्या आधी ताटही उलटं करून बघायचा.

मुलाखतीत ती जिमवाल्याबद्दल म्हणाली, "त्यो लई डोक्यात जातो माझ्या." आणि निगडीवाल्याबद्दल, "ह्याच्याशी आपलं जमतं."

सकाळपासून टाइप करून माझी बोटं शाळेतल्यासारखी शब्दाला शब्द लावत होती. मी लिहिलं, 'ही गोज इन माय हेड अ लॉट.' आणि खाली, 'विथ हिम, वी मॅनेज.' अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. माझा भाऊ रोज माझ्या डोक्यात जातो.

दुसऱ्या दिवशी एडिटर खुशीत होता. "मॅडम, ये लडकी तो गई. लडका दिमाग से निकल ही नहीं रहा." त्याने त्या वाक्याखाली व्हायोलिन लावलं होतं. तिकडे जिमवाल्याची आणि तिची पूलशेजारी मेणबत्त्यांची डेटही ठरली होती. निगडीवाल्याला शनिवारी घरी पाठवणार होते. ज्याच्याशी नुसतं 'मॅनेज' होतं, त्याला ठेवून करायचं काय?

डेटचं फुटेज आलं. ती बाकाच्या पार टोकाला बसली होती. मेणबत्तीच्या धुराने तिने डोळे बारीक केले, तर एडिटर म्हणाला, "देखो, शरमा रही है."

माझ्या दोन ओळींमुळे एका चांगल्या मुलाची बॅग भरली जाणार होती. मी वॉशरूममध्ये जाऊन वाक्याचा सराव केला आणि परत येऊन म्हणाले, "सर, ट्रान्सलेशन थोडा उलटा हो गया."

"कितना उलटा?"

"पूरा."

त्याने हेडफोन काढून ठेवला. चिडला नाही, हेच वाईट होतं. "प्रोमो लग गया, मॅडम. अब सच का मैं क्या करूं?"

मग मी मागचे चार दिवस पुन्हा पाहिले. तिने निगडीवाल्यासाठी वाटीखाली झाकून ठेवलेली दोन भजी. त्याने नाण्याने घट्ट केलेला तिच्या खुर्चीचा स्क्रू. जिमवाला आला की तिचं दरवेळी पाणी प्यायला उठणं. हे सगळं वेळेसकट एका पानावर काढलं आणि वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'ट्विस्ट. ती हिरोला गंडवतेय.'

दहा मिनिटांत तो माझ्या टेबलापाशी. "ये आपने कब पकडा?"

"अभी," मी म्हणाले.

शनिवारी जिमवाला घरी गेला, तोही चक्क शर्ट घालून. भाग आल्यावर भाऊ सोफ्यावरून म्हणाला, "ताई, हे सगळं स्क्रिप्टेड असतं. ती भजी ठेवते ना, ते तर उघड खोटंय."

"असेल," मी म्हणाले.

त्यानंतरच्या फुटेजमध्ये दोघांना झोपाळा दिला होता. चाळीस मिनिटं. स्क्रूचे खराब आटे नुसत्या बोटाला कसे कळतात ते तो सांगत होता. लेथच्या आवाजावरून तिचे आण्णा, म्हणजे वडील, मशीनची तक्रार कशी ओळखतात ते ती. मग त्याने विचारलं, "हे संपल्यावर वर्कशॉप दाखवशील?"

"ये की. पण बूट घालून ये, खाली सगळा लोखंडाचा कीस असतो." मग पायाने झोका देत ती म्हणाली, "रविवारी नको. रविवारी आण्णा असत्यात."

एडिटरने खुर्ची वळवली. "इसमें कुछ है?"

"कुछ नहीं, सर," मी म्हणाले आणि लॉगमध्ये त्या चाळीस मिनिटांपुढे एकच ओळ लिहिली: 'नट-बोल्टवर चर्चा.'